झाकण लावलेले डबे

मालखेडे, ता. शिंदखेडे
११ फेब्रुवारी १९७३

अभिमन,

आशीर्वाद लिहायला जागा नाही, इनलँड लहान आहे. आठ वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नको, कोणी मेलेलं नाही. मी तुझी बहीण म्हणून लिहीत नाही. धान्यकोठीची बाई म्हणून लिहिते. माझ्या मालकांच्या तेराव्याला तू भरल्या ताटावरून उठून गेलास, ते मी विसरलेले नाही. तो विषय इथे नको.

काम असं आहे. दोन पावसाळे कोरडे गेले. आम्ही बायांनी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत धान्यकोठी घातली. ज्याच्या घरात आहे त्याने टोपलंभर आणून टाकायचं, ज्याच्या घरात नाही त्याने न्यायचं. दिवाळीपर्यंत बरं चाललं. संक्रांतीनंतर आणणारं कोणी राहिलं नाही. कोठीत आता चार पोती आहेत. जे धड आहेत ते खडी फोडायला जातात, त्यांना मजुरी मिळते, खायला सुकडी मिळते. पण म्हातारे, बाळंतिणी, ज्यांना उभं राहवत नाही, त्यांनी काय खडी चावायची? अशी चाळीस घरं आहेत. चार पोती होळीपर्यंत पुरणार नाहीत.

गौतमचंद दुकानदार सांगत होता, तुमच्या तेलमिलच्या कन्हैयालाल शेठने ट्रस्ट काढला आहे. दुष्काळी गावांना ज्वारी देतात, आणि मिलमधली माणसं सुट्टीच्या दिवशी स्वतः पोती वाहतात. तू त्या मिलच्या गोडाऊनवर आहेस. कोणाला सांगायचं, काय लिहायचं, ते कळव. होत नसेल तर तसं कळव, म्हणजे मी दुसरीकडे हात मारते. चार पोती आहेत तोवर उत्तर दे.

मी ठीक आहे. माझ्या घरात पुष्कळ आहे.

कमलबाई
धान्यकोठी, मालखेडे


२६ फेब्रुवारी

अभिमन,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. अर्ज कर, सरपंचाची सही घे, शिक्का मार. जळगावला राहून तू बोलायचं विसरलास की शाई महाग झाली?

अर्ज मास्तरांकडून लिहून घेतला. मी सांगितलं, "मायबाप, कृपावंत" असलं काही घालू नका, किती घरं आणि किती पोती एवढंच लिहा. तरी त्यांनी दोनदा "दीनवाणे" घातलं. एक खोडायला लावलं, दुसरं राहिलं.

मग रुपचंद पाटलाकडे गेले. तो आता सरपंच आहे. ओट्यावर बसून पानाला चुना लावत होता. म्हणे, "अक्का, मिलवाल्यांच्या दारात गेलो तर गावाची अब्रू जाईल."

मी म्हटलं, "अब्रूची भाकरी करून दाखव, मी अर्ज फाडते."

त्याची बायको सुनंदाबाई आतून हसली. त्याने सही केली. शिक्का उलटा मारला, पण मारला.

अर्ज सोबत आहे. साहेबाच्या हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नको. आता दोन पोती राहिली.

कमलबाई


१२ मार्च

अभिमन,

काल तुमचा ट्रक आला. तीस पोती ज्वारी, मिलची अकरा माणसं, कॉलेजच्या चार मुली. तू आला नाहीस. मी काही वाट पाहत नव्हते.

माणसं चांगली होती, हे आधी लिहिते, कारण पुढे वाईट लिहायचं आहे. मिलचा हिशेबनीस, चष्मेवाला, त्याने कधी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेतलं नसेल. घेतलं, आणि दोन पावलांत पोत्यासकट बसला. परत उठला. कुसुमलताबाई स्वतः आल्या होत्या, शेठजींच्या घरच्या. त्याच ट्रस्ट बघतात. मला मावशी म्हणाल्या, माझ्या माठातलं पाणी प्याल्या.

पण मग काय केलं ऐक. मारुतीच्या पारासमोर टेबल मांडलं. मागे कापडी बोर्ड बांधला, ट्रस्टचं नाव, मिलचं नाव. भोंगा लावला. कॅमेरावाला उभा केला. एक मुलगी वही आणि शाईचा पॅड घेऊन बसली. भोंग्यावरून पुकारलं, "गरजू कुटुंबांनी पुढे यावे, अंगठा द्यावा, धान्य घ्यावे."

कोणी आलं नाही.

अकरापासून तीनपर्यंत एकही माणूस नाही. पोरं भोंगा बघायला आली, कुत्री सावलीला आली. मी बेबाबाईच्या घरी गेले. तिची सून ओली बाळंतीण आहे, चुलीवर नुसतं पाणी होतं. म्हटलं, "चल, ज्वारी वाटताहेत."

"आमना घरमा शे ना वं अक्का."

"कुठे आहे? दाखव."

"शे म्हनस ना," ती म्हणाली आणि दार पुढे केलं. माझ्या तोंडावर. तीस वर्षांची शेजारीण.

असं नऊ दारांना झालं. मी एकेकीला शिव्या दिल्या, त्याने दारं जास्तच घट्ट झाली.

तीन वाजता कुसुमलताबाई म्हणाल्या, "मावशी, आम्हाला वाटतं इथे तेवढी गरज नाही. पलीकडच्या गावाचाही अर्ज आहे." मी म्हटलं, गरज आहे. त्या म्हणाल्या, "मग माणसं कुठे आहेत?"

त्यांनी पोती कोठीत ठेवली, वर मिलचं कुलूप लावलं. पंधरा दिवसांनी, पंचवीस तारखेच्या रविवारी, परत येणार. तेव्हा वाटप झालं तर ठीक, पुढेही महिन्याला देऊ. नाही झालं तर ट्रक भरून पलीकडच्या गावाला.

आमची शेवटची पोती काल मीच वाटली, अंधार पडल्यावर, मागच्या दारांनी. आता दारात तीस पोती आहेत आणि कुलूप त्यांचं आहे. पंधरा दिवस कसे काढायचे?

कमलबाई


१६ मार्च

अभिमन,

हे पत्र वाचून फाडून टाक.

चार दिवस विचार केला. लोकांना काय झालं म्हणून मी सगळ्यांवर चिडले होते. मग काल भाकरी थापताना मला तुझं ताट आठवलं.

गावात मी आठ वर्षं सांगत आले की माझा भाऊ मिलच्या पाळीसाठी बस धरायला ताटावरून उठला. तसं नव्हतं. तू पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आलास, कणगीचं झाकण उघडं होतं, आणि तू आत बघितलंस. तळ दिसत होता. पंगतीला वाढलं होतं तेवढंच होतं, बायांना काही उरणार नव्हतं. तू ताटाला हात न लावता उठलास, एक माणूस कमी जेवला तर एक बाई जेवेल म्हणून. मला हे तेव्हाच कळलं होतं, अभिमन. त्याच मिनिटाला कळलं होतं. म्हणून तर मी ओरडले. तू ताट टाकलंस म्हणून नाही. तू बघितलंस म्हणून.

"परत या दारात पाय ठेवू नको" हे मी चाळीस माणसांसमोर म्हटलं. तू कोणाला खरं सांगितलं नाहीस. तेही मला माहीत आहे, नाहीतर माझ्या कानावर आलं असतं.

झालं. लिहिलं. आता कामाचं.

बेबाबाईने दार लावलं ते याच्यासाठी. टेबल, भोंगा, अंगठा, फोटो म्हणजे सगळ्या गावासमोर कणगीचं झाकण उघडायचं. उपाशी माणूसही ते करत नाही. इथे बाई शेजारणीकडून पीठ नेते तर मागच्या दाराने नेते, पदराखाली नेते. मी स्वतः तसं नेलं आहे. आणि मीच नऊ दारांना जाऊन "दाखव" म्हणत होते.

तर माझा बेत असा. वना गिरणीवाल्याकडे रोज सगळ्या गावाचे दळणाचे डबे येतात. डबा रांगेत ठेवायचा, घरी जायचं, दुपारी पीठ न्यायचं. डब्याला झाकण असतं. झाकणाखाली काय आहे ते वनाखेरीज कोणी बघत नाही. तुमची पोती गिरणीत जाऊ देत. मी घरोघर सांगते, भरल्या घरांनासुद्धा; रविवारी सगळ्या बाया डबे ठेवतील. ज्यात दाणे असतील ते दाणे दळायचे. जो डबा रिकामा असेल तो ट्रस्टच्या ज्वारीच्या पिठाने भरायचा, झाकण लावायचं, परत रांगेत. कोणाचा भरलेला आला आणि कोणाचा रिकामा आला, बाहेर कोणाला कळणार नाही. डोक्यावर डबा घेऊन घरी जाणारी बाई रोजच दिसते.

वनाला विचारलं. म्हणे, "अक्का, माले डिझेल कोन दी?" मी म्हटलं ट्रस्ट देईल. देईल ना? विचार. आणि म्हणाला, "मी कोनले काही सांगाव नही." वना तोंडाचा मिटलेला आहे, बायकोशीसुद्धा आठवड्यातून एकदा बोलतो.

भोंगा नको, बोर्ड नको, अंगठा नको. हे कुसुमलताबाईंना तुलाच सांगावं लागेल. कार्डावर नको. तोंडाने सांग. मिलचा माणूस म्हणून सांग किंवा या गावाचा म्हणून सांग. वर लिहिलेलं ताटाचं सांगितल्याशिवाय पटत नसेल तर तेही सांग. माझी हरकत नाही. हरकत आहे, पण सांग.

अक्का


२६ मार्च

अभिमन,

तू रात्रीच्या पॅसेंजरने पोचलास की नारडाण्याच्या स्टेशनावर बसून राहिलास? तू ट्रकमधून गेला नाहीस, मुलींना जागा दिलीस, ते बघितलं मी.

काल बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून लिहिते.

सकाळी सातला गिरणीसमोर बारा डबे होते. मला वाटलं बुडालं. आठला तीस. नऊ वाजता रांग गिरणीपासून गौतमचंदच्या दुकानापर्यंत, डालड्याचे, रॉकेलचे, पितळी, चिंधी बांधलेले, एकाला तर झाकणाऐवजी ताटली आणि वर दगड. बाया डबा ठेवून निघून जात होत्या, नेहमीसारख्या, भांडत होत्या नेहमीसारख्या, "माना डबा पुढे होता" म्हणून. ते भांडण ऐकून माझा जीव थाऱ्यावर आला. पंधरा दिवसांत गावात कोणी भांडलं नव्हतं.

तू पाठमोरा उभा होतास, पिठाने पांढरा, डबे उचलून आत देत होतास. मी तुला ओळखलं नाही. म्हटलं हा कोण म्हातारा मिलवाल्यांनी आणला. मग वळलास. आठ वर्षांत एवढे केस जायला नको होते.

आता एक गोष्ट. आठव्या-नवव्या नंबरला कडीला निळी चिंधी बांधलेला डबा होता. तो तू उचललास, हातात तोललास, आणि थांबलास. ती चिंधी आईच्या लुगड्याची आहे, तू ओळखली असणारच. डबा रिकामा होता. पहिल्या पत्रात मी पुष्कळ आहे म्हणून लिहिलं होतं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. डबा आत दिलास, पुढचा उचललास. घरी जाऊन झाकण उघडलं तर काठोकाठ. दाबून भरला होता.

मी त्याबद्दल काही बोलणार नाही. तूही बोलू नको.

कुसुमलताबाई दिवसभर आत बसून पीठ चाळत होत्या. कॅमेरावाला दारात घुटमळत होता. त्या म्हणाल्या, "मावशी, ट्रस्टच्या मीटिंगमध्ये बाकीचे विचारतात, फोटो कुठे. मी काय दाखवू?" म्हटलं, डब्यांचा काढा. डबे लाजत नाहीत. काढला. माझा काढायला निघाला होता, मी त्याला झाडू दाखवला.

एकूण एकोणसाठ रिकामे डबे. मी चाळीस घरं म्हणत होते. एकोणीस घरं मलाही माहीत नव्हती.

पोचल्याचं कळव. चार ओळी लिही.

अक्का


१६ एप्रिल

अभिमन,

काल गिरणीत सगळ्यांसमोर तू मला गप्प केलंस, त्याचा राग रात्रीपर्यंत होता. आता गेला. म्हणून लिहिते.

पाटलाच्या घरचा पितळी डबा रिकामा आला, तेव्हा मी म्हटलं, "परत ठेव. सरपंचाच्या घरी कसली कमी? विहीर आहे, दोन जोड्या बैल आहेत."

तू म्हणालास, "अक्का, रिकामा आहे. पुढचं विचारायचं नाही असं तूच ठरवलं आहेस."

"तो अब्रूच्या गोष्टी करत होता!"

"म्हणून तर डबा आला. माणूस आला नाही."

आणि भरलास. तुमचा चष्मेवाला हिशेबनीस, वना, कॉलेजच्या दोन मुली, सगळे बघत होते. वना हसला. वनाला मी प्रथमच हसताना बघितलं.

आज सकाळी मी मुद्दाम पाटलाच्या मळ्याकडून गेले. विहिरीत दोरखंड टाकला तर कोरडा वर येतो. बैलांची दावण मोकळी आहे. कधी विकले, गावात कोणाला कळलं नाही. सुनंदाबाई दारात होती. मला बघून म्हणाली, "अक्का, चहा ल्या." मी थांबले, घेतला. बिनदुधाचा होता. आम्ही तिच्या बहिणीच्या लग्नाबद्दल बोललो, दुसरं काहीच नाही. उठताना तिने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

तू बरोबर होतास. हे मी एकदाच लिहिते.

गावातल्या पाच बाया आता गिरणीत हाताखाली येतात, बेबाबाई धरून. तिच्या सुनेला दूध यायला लागलं. बाळ रडतं ते माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. आधी रडायचंसुद्धा नाही.

अक्का


१४ मे

अभिमन,

तुझं पत्र वाचलं. दोन पानी आहे म्हणूनच मी समजले की काहीतरी वाईट आहे.

ट्रस्टचे बाकीचे म्हणतात की अंगठ्याशिवाय, नावाशिवाय धान्य देता येणार नाही, मे महिन्यानंतर बंद. आणि सव्वीस तारखेच्या मीटिंगमध्ये ठरणार. म्हणजे आमच्याकडे या महिन्याची पोती, बास. पेरणी झाली तरी दाणा घरात यायला दसरा उजाडतो. मधले चार महिने?

त्यांचं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी दिलेलं कुठे जातं ते त्यांना कळायला हवं. पण मी नावं देणार नाही. एकोणसाठची आता त्र्याहत्तर झाली, एकाही डब्यामागचं नाव मी सांगणार नाही, शेठजींनी स्वतः येऊन विचारलं तरी.

त्यांना सांग, नावं नाहीत पण डोळे आहेत. त्यांच्यातला जो जास्त ओरडतो त्याला एक रविवार पाठवून दे. गिरणीत उभा राहू दे, स्वतः डबे उचलू दे. हाताला वजन कळतं. बाकी समजावायला मला येत नाही.

सव्वीसला तू मीटिंगला थांब, इकडे येऊ नको. सत्तावीसचा रविवार आम्ही बघून घेऊ.

झोप लागत नाही. पहाटे उठून कोठीतली उरलेली पोती मोजते, जशी काही रात्रीत वाढणार आहेत.

अक्का


२८ मे १९७३

चि. अभिमन,

तुला कार्ड टाकता येत नव्हतं?

शनिवारी दिवेलागणीला पोस्टमन शिंदखेड्याहून सायकल मारत आला आणि गल्लीच्या तोंडावरूनच ओरडला, "अक्का, तार!" आपल्याकडे तार कशासाठी येते ते तू विसरलास का? मी दारात बसून भाजी निवडत होते, तशीच राहिले. बेबाबाईने तार उघडायच्या आधीच गळा काढला, "अभिमनभाऊ गया वं माय!" तिचं ऐकून गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या. कोणी माझं कपाळ धरलं, कोणी पाणी आणलं. दोघींनी तुझ्या चांगुलपणाच्या गोष्टीसुद्धा सुरू केल्या. तू लहानपणी किती गुणी होतास ते मला प्रथमच कळलं.

तार इंग्रजीत. मास्तरांना शोधायला माणूस पळाला. मास्तर परसाकडे गेले होते. तेवढा वेळ मी काय काय विचार केला ते मी कधीही सांगणार नाही. मास्तर आले, चष्मा पुसला, परत पुसला. वाचलं. म्हणाले, "धान्य मंजूर. दसऱ्यापर्यंत. नावं नको. शेठजी स्वतः आठ तारखेला—" मी पुढचं ऐकलं नाही. म्हटलं, "तो जिता शे का?" मास्तर म्हणाले, "कोण?"

मग बेबाबाई जी हसत सुटली ती थांबेना. रडायला आलेल्या सगळ्या हसत होत्या. रुपचंद पाटील काठी टेकत आला होता सांत्वनाला, त्याने "काय झालं" विचारलं, सुनंदाबाईने त्याच्या कानात सांगितलं. तो ओट्यावर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

रात्री जेवले. आडवी झाले. सकाळी सहाला उठून गिरणी उघडायची होती, वाटपाच्या दिवसाची किल्ली वना माझ्याकडे ठेवतो, ती माझ्या उशाला.

जाग आली तेव्हा ऊन मागच्या भिंतीवर होतं. दुपारचे दोन. चौथीत असताना गोवर आला होता, त्यानंतर मी इतकी झोपलेले नाही. धावत गिरणीवर गेले, पायात वहाण नव्हती. रस्त्यात डबे घेऊन जाणाऱ्या बाया भेटल्या, कोणी थांबेना. गिरणीत इंजिन बंद. वना जातं झाडत होता. एकही डबा शिल्लक नाही. बेबाबाईने किल्ली माझ्या उशाखालून काढून नेली होती, पहाटे. तुमची माणसं आली, पोती उतरवली, पीठ वाटलं, निघूनसुद्धा गेली. हिशेबनीस म्हणे माझ्या दारापर्यंत येऊन गेला, घोरणं ऐकून परत फिरला.

मी म्हटलं, "कोणाचा डबा चुकला?"

"कोनाच नही," वना म्हणाला.

"कोणाला कमी पडलं?"

"नही."

"मला उठवलं का नाही?"

बेबाबाई पिठाचे हात झटकत म्हणाली, "कसाले?"

मी तिला खूप बोलले. किल्ली चोरली म्हणून, विचारलं नाही म्हणून, आणखी काय काय. तिने ऐकून घेतलं. मग मी घरी आले, आणि खरं सांगते, परत झोपले.

अक्का